आधी खालचं रान

सायलीच्या लॅपटॉपवर मावळ तालुका लाल खुणांनी भरून गेला होता. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्ही खोऱ्यांतली एकही रांग तिने सोडली नव्हती. दिवसा हिंजवडीतली नोकरी आणि रात्री जेवणं आटोपली की उपग्रहाच्या चित्रांवरून डोंगर धुंडाळणं. जिथून उडता येईल असं वाटे, तिथे माथ्यावर एक लाल खूण.

कामशेतच्या टेकड्यांवर ती आधी पॅराग्लायडिंग शिकली होती. पुढे तिला हँग ग्लायडरची ओढ लागली आणि नव्या जागांचा शोध सुरू झाला. पॅराग्लायडर पाठीवरच्या पिशवीत मावतो, पायवाटेने कुठेही चढवता येतो. हँग ग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणून बसवलेलं कापड. मिटला तरी पाच-सहा मीटर लांब, वजन तीसेक किलो. तो जीपच्या टपावर बांधून न्यावा लागतो, म्हणजे माथ्यापर्यंत गाडीरस्ता हवा. उतरतानाही त्याला जास्त लांब, मोकळी जागा लागते.

तिची नजर चांगली तयार झाली होती, हे आधी सांगायला हवं. फेब्रुवारीनंतर मावळात दुपारी पश्चिमेचा वारा घाट चढून येतो. तो ज्या उताराला समोरून भिडतो तिथे वर वळतो, आणि त्या वर चढणाऱ्या हवेत ग्लायडर तासन्‌तास तरंगू शकतो. म्हणून ती पश्चिमेकडे तोंड असलेल्या लांब रांगा शोधत असे. रांग मध्येच तुटून खिंड पडली असेल तर तिथून वारा जोराने घुसतो, तेवढा भाग ती वगळे. डोंगराच्या पाठीमागे वारा गरगरत खाली कोसळतो, त्याला उडणारे रोटर म्हणतात. समोर दुसरी उंच रांग असली तर आपली टेकडी तिच्या रोटरमध्ये सापडते, हेही ती तपाशी. विजेच्या तारा अशा चित्रांत दिसत नाहीत, पण मनोऱ्यांच्या सावल्या दिसतात आणि रानातून झाडं तोडून काढलेला सरळ पट्टा दिसतो. या भागाला भिवपुरी आणि खोपोलीच्या जुन्या जलविद्युत केंद्रांचा शेजार. उच्च दाबाच्या वाहिन्या इथे अख्ख्या दऱ्या ओलांडून जातात. तो पट्टा ओळखता येणं हे जिवावरचं काम आहे, आणि सायलीला ते येत होतं.

घरबसल्या असं डोंगर वाचता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. 2005 साली गूगल अर्थ आलं, 2009 मध्ये इस्रोचं भुवन आलं, आणि जे पूर्वी मोजक्या लोकांना दिसे ते कुणालाही दिसू लागलं. त्याआधी सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर भागवावं लागे. पन्नास हजारात एक या प्रमाणातला तो कागद, वीस-वीस मीटरांवर एकेक समोच्च रेषा. त्या रेषा जिथे दाट तिथे चढ उभा, एवढं कळे. बाकी सगळं पायांनी.

सायली ज्यांच्याकडे हँग ग्लायडिंग शिकत होती ते सर त्या टोपोशीटच्या काळातले. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली.

"सर, यातल्या दहा-बारा जागा तरी नक्की होतील."

सरांनी चष्मा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "ही धार आहे की ओढा?"

"धार आहे."

"चित्र फिरव. दक्षिण वर घे."

तिने फिरवलं, आणि बघता बघता धारेचा ओढा झाला. आपल्याकडे ही चित्रं बहुधा सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला टिपलेली असतात. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, सावल्या चित्रात वरच्या बाजूला पडतात. डोळ्यांना मात्र उजेड वरूनच येतो असं धरून चालायची सवय. त्यामुळे खोलगट ते उंच वाटतं आणि उंच ते खोलगट. उंचीचा आकडा बघितला असता तर लगेच कळलं असतं. पण इतक्या खुणा करायच्या होत्या की आकडा बघायला ती थांबलीच नव्हती.

दुसऱ्या एका खुणेपाशी सर पुन्हा थांबले. तिथे उताराची आकृती छान एकसारखी, धावत सुटायला अगदी सोयीची दिसत होती. सर म्हणाले, "हा कडा आहे. मी त्याच्या खालून चाललोय." या नकाशांतली उंची पुष्कळशी फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून मोजलेली आहे. अकरा दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या सुमारे ऐंशी टक्के जमिनीची उंची टिपली, आणि ती मापं तीस मीटरांच्या चौकोनांत बसवलेली आहेत. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टच्या थरांचा, म्हणजे पायरी, कडा, पुन्हा पायरी. तीस मीटरांच्या चौकोनांत कड्याची धार बोथट होते आणि पडद्यावर नुसता उतार दिसतो. उभ्या कड्याच्या ओठाशी तर वारा उलटाही फिरतो. तिथे ग्लायडर घेऊन उभं राहण्यात शहाणपण नाही.

या दोन्ही चुका सायलीने मान डोलावून मान्य केल्या, वहीत लिहून घेतल्या. तिसरा प्रश्न साधा होता.

"उतरणार कुठे?"

"खाली सगळी शेतंच आहेत, सर. कुठेही उतरता येईल."

"कुठेही म्हणजे कुणाच्या?"

सायलीकडे उत्तर नव्हतं. एवढ्या लाल खुणा, आणि त्यातली एकही दरीच्या तळाशी नव्हती.

सर थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी तिला जुन्या काळी ग्लायडर उडवणाऱ्या ओटो लिलिएंथालची गोष्ट सांगितली. 1891 साली बर्लिनजवळच्या डेरविट्झला त्याने उड्या घ्यायला सुरुवात केली तेव्हा पंचवीस मीटर पुढे जाणं हेच यश होतं. मग तो चांगल्या टेकड्यांच्या शोधात फिरला, रिनोच्या टेकड्यांवरून अडीचशे मीटरांपर्यंत गेला. पण त्या घरापासून लांब होत्या. तेव्हा 1894 मध्ये त्याने लिश्टरफेल्डला स्वतःच एक टेकडी रचली. पंधरा मीटर उंच, शंकूसारखी, वीटभट्टीच्या टाकाऊ मातीची. आजही ती तिथे आहे.

"पंधराच मीटर," सर म्हणाले. "पैसे होते, माती होती, आणखी उंच करता आली असती. पण जागा बघ त्याने कशी निवडली. चारी बाजूंना सपाट आणि मोकळं. वारा कुठूनही येऊ दे, माणूस वाऱ्याला तोंड देऊन सुटेल आणि समोर उतरायला जागा असेल. टेकडी नंतर. आधी उतरण."

मग त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "सगळ्या खुणा पूस. तळापासून सुरू कर. उतरायची जागा सापडली की मान वर करून डोंगर बघ. डोंगर नसेल तर पुढे चल."

सायलीला राग आला होता. कित्येक रात्रींचं काम होतं ते. तरी घरी जाऊन तिने खुणा पुसल्या आणि तळापासून सुरुवात केली, यातच तिचं मोठेपण आहे असं मी म्हणेन. गुरूचं ऐकणं सोपं असतं ते आपलं काही पुसावं लागत नसेल तोवर.

खालून बघायला लागल्यावर तिला नकाशा वेगळाच दिसू लागला. डोंगर वर्षानुवर्षं तसाच असतो, तळ मात्र महिन्यामहिन्याला बदलतो. जुन्या तारखांची चित्रं एकामागून एक लावून बघायची सोय असते, ती तिने पहिल्यांदा नीट वापरली. पावसाळ्यातलं चित्र जवळजवळ मिळतच नाही, ढगांमुळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाचरं पिवळी, एप्रिलमध्ये तपकिरी आणि त्यांत मधूनच काळे चौकोन. ते चौकोन कसले हे तिला कळेना. दहा वर्षांपूर्वी मोकळं असलेलं माळरान आता फार्महाऊसच्या कुंपणांनी चिरलेलं दिसे. धरणाच्या काठी उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन डिसेंबरात पाण्याखाली असे.

मग आली गणितं. स्थिर हवेत तिचा ग्लायडर एक मीटर खाली येताना दहा मीटर पुढे जाई. तिच्या सर्वांत लाडक्या टेकडीची उंची मैदानापासून 250 मीटर आणि मैदान 1600 मीटर दूर; म्हणजे अडचण काही नाही, असं तिला वाटत होतं. पण पश्चिमेच्या उतारावरून उडायचं तर वारा समोरून येणार, आणि उतरायची जागाही समोरच असणार. ताशी 36 किलोमीटर वेगाने उडणारा ग्लायडर ताशी 18 किलोमीटरच्या वाऱ्याविरुद्ध जमिनीवर निम्म्याच वेगाने सरकतो. दहाचे पाच होतात. 250 मीटर उंचीवरून 1250 मीटर. उरलेल्या साडेतीनशे मीटरांत होता एक ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांची उंच झाडी. ती टेकडी तिने स्वतःच्या हाताने काढून टाकली.

अशा गाळत गाळत नाणे मावळातली एकच जागा खरी भरवशाची उरली. डोंगराच्या पायथ्यापासून पुढे, माथ्यापासून 900 मीटरवर, पूर्व-पश्चिम पसरलेला लांबट पट्टा. एप्रिलच्या चित्रात तपकिरी, मोकळा, मध्ये झाड नाही. वर पश्चिमेचा उतार आणि माथ्यापर्यंत कच्चा रस्ता.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती आणि सर तिथे गेले. सायलीने गाडी डोंगराच्या रस्त्याला वळवली, तर सर म्हणाले, "आधी खाली."

पट्टा तपकिरी नव्हता. भात निघाल्यावर त्यात हरभरा पेरलेला होता आणि तो वीतभर वाढून हिरवागार झाला होता. एक आजी ओट्यात हरभऱ्याचे शेंडे खुडत होत्या, भाजीसाठी. अनोळखी गाडी बघून त्या उभ्या राहिल्या.

"आजी, हे रान तुमचं का?"

"माझंच. का गं? हिथं गाडी थांबली का जमीन बघणारंच असत्यात. इकायचं न्हाई म्हणून सांग तुझ्या मालकाला."

"विकत नको आजी. मला इथे उतरायचंय." सायलीने डोंगराकडे आणि मग आभाळाकडे बोट केलं.

आजींच्या कपाळाला आठी पडली. "त्ये छत्रीवालं?"

"तसंच काहीतरी."

"चार सालामागं एक आलता," आजी म्हणाल्या. "त्या कडंच्या वावरात. एकटाच आला, पाखरासारखा अल्लाद. त्याच्या पायानं काय मोडायचं? चार ताटं मोडली असतील. पर बघायला आख्खी वाडी धावली की गं रानातनं! पोरं, बाया, फटफटीवाली सुदिक. मसूर हुती. घाटं धरलेली. सगळी मातीत गेली. त्यो माणूस लई गरीब हुता बिचारा, हात जोडलं, आन्‌ गेला. मसूर कुठली परत येतीया."

सायलीने पट्ट्याची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, बांधांची उंची सावल्यांवरून ताडली होती. धावत येणारी वाडी तिच्या गणितात नव्हती. उडणाऱ्याला आभाळ एकट्याचं वाटतं. उतरताना मात्र तो सगळ्या गावाच्या मधोमध उतरतो. लहान मूल असो की म्हातारं माणूस, आभाळातून कुणी खाली येताना दिसलं तर ते बघायला धावणारच. त्यांना दोष कसा द्यायचा?

तिने काही न बोलता फोन काढला आणि आजींना त्यांचं रान वरून दाखवलं. आजींनी आधी फोन दूर धरला, मग जवळ घेतला. विहीर ओळखली. विहिरीवरून आंबा ओळखला, आंब्यावरून भावकीचा बांध. मग त्यांचं बोट भराभर चालू लागलं. हे थोरल्या दिराचं, हे गायरान, ही पाणंद. सायलीने एप्रिलमधले काळे चौकोन दाखवून विचारलं तेव्हा त्या हसल्याच.

"राब भाजलेत ते. शेण, पाला, कवळं पसरायचं आन्‌ पेटवायचं. मग त्या राखंत भाताचा तरवा टाकायचा. येवढं शिकलीस आन्‌ राब ठावा न्हाई?"

चांदण्यांच्याही शेजारून घेतलेल्या चित्रात तो राब होता आणि सायली त्याच्याकडे किती रात्री नुसती बघत राहिली होती. सरांनी विषय काढला, मोबदल्याचं काय ते बोलू म्हणाले. आजी म्हणाल्या, पैशाचं मागनं बघू. होळीच्या आत रान मोकळं होतं, मग खुशाल उतर. पण पोरं आवरायची तू.

सायली जानेवारीत एकदा मुद्दाम वाडीच्या शाळेत जाऊन आली. ग्लायडर कसा उडतो हे मुलांना सांगितलं, विंडसॉक म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी त्यांच्या हातात दिली, आणि उतरताना सगळ्यांनी बांधावर बसायचं हे ठरवून घेतलं.

होळी झाली. पुढच्या शनिवारी जीपच्या टपावर ग्लायडर बांधून ती दोन मित्रांसह माथ्यावर पोहोचली. सर खाली पट्ट्याजवळ थांबले होते. वारा पश्चिमेचा, सरळ, एकसारखा. उडणारा माणूस महिनोन्‌महिने ज्याची वाट बघतो तसा. ग्लायडर जोडून झाला, हार्नेस चढवून झालं, आणि सरांचा फोन आला.

"हरभरा उभा आहे."

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. भात उशिरा निघालं, म्हणून हरभराही उशिरा पेरला गेला. होळीचा वायदा आजींनी मोडला नव्हता, आभाळाने मोडला होता.

"केव्हा काढणार?"

"उद्या पहाटे सुरुवात करतील. दोन दिवस लागतील म्हणतात. वारा चांगला आहे, पट्ट्याचा पश्चिमेकडचा तुकडा मोकळा आहे. पोरं बांधावर बसलीत. ठरव तू."

मित्राने वरून बघून सांगितलं, तेवढा तुकडा पुरेल. खरंच पुरला असता. सायली तेवढ्यात उतरू शकली असती, हे तिलाही माहीत होतं आणि सरांनाही. पण वाऱ्याच्या एका झुळकीने वीस मीटर पुढे जाणं किंवा मागे राहणं कुणाच्या हातात नसतं, आणि बांधावर बसलेली पोरं तोवरच बसतात जोवर पंख जमिनीला टेकत नाही. ती पाचेक मिनिटं तशीच उभी राहिली. मग तिने हार्नेसचा आकडा सोडवला आणि पंखातल्या पट्ट्या एकेक करून बाहेर ओढायला लागली.

संध्याकाळपर्यंत वारा तसाच सरळ वाहत होता. उडणाऱ्या माणसाला हे बघत बसणं किती जड जातं ते उडणाराच जाणे.

ती रात्र त्यांनी वाडीच्या देवळात काढली. हरभरा पहाटेच उपटतात, दंव असेपर्यंत. ऊन चढलं की घाटे तडकून दाणे सांडतात. पाच वाजता आजी आल्या तेव्हा तिघं आणि सर बांधावर उभे होते. हरभऱ्याच्या आंबेने सायलीच्या बोटांची आग झाली, कंबर धरली, आणि तिने उपटलेल्या पेंढ्या आजींना पुन्हा बांधाव्या लागल्या. तरी चार माणसं जास्त असल्यामुळे दहाच्या आत रान मोकळं झालं. दोन दिवसांचं काम एका सकाळीत आटोपलं.

त्या दुपारी वारा आलाच नाही. विंडसॉक काठीला चिकटून लोंबत राहिला. ग्लायडर पुन्हा टपावर बांधून ते पुण्याला परतले.

पुढच्या शनिवारी मात्र तो आला. सायली माथ्यावरून सुटली तेव्हा पहिल्या क्षणीच पंखाखालची हवा भरीव लागली. तासभर ती त्या धारेवर मागे-पुढे फिरली, माथ्याच्या दीडशे मीटर वर गेली, आणि तिथून प्रथमच तिला ते खोरं चित्रासारखं न दिसता माणसांचं दिसलं: हे थोरल्या दिरांचं, हे गायरान, ही पाणंद. ऊन कलायला लागल्यावर ती पट्ट्यावर आली, वाऱ्याला तोंड देऊन खाली उतरली, पाय टेकायच्या क्षणी दांडी पुढे ढकलून पंखाचं नाक वर केलं आणि चार पावलांत थांबली. मुलं बांधावर होती. तिने हात केल्यावर मगच धावत आली, आणि रानात आता मोडायला काही नव्हतं.

मोठी माणसंही जमली. आजींच्या भावकीतले एक काका सगळ्यांच्या मागे उभे होते, ते पुढे आले. ज्यांची मसूर तुडवली गेली होती तेच ते.

"तुझ्या त्या नकाशात माझं रान हाय का?"

"आहे काका. पण खूण नाही केली. तुम्हाला विचारलं नव्हतं."

"मग कर आता. मसूर माझी माघातच निघती. तवापासनं चालंल, पाडव्यापतूर. पर एक ध्यानात ठेव, हिरीच्या अंगानं येऊ नको. मोटारीची तार नेलीया नवी, बांबूवरनं."

सायलीने फोन काढून चित्र मोठं केलं. विहीर दिसत होती, वड दिसत होता. तार कुठेच नव्हती, तिची सावलीही नव्हती. तिने मसुरीचे महिने लिहून घेतले. तार कुठून निघते आणि कुठे जाते ते दाखवायला काका पुढे चालू लागले, तेव्हा ग्लायडर मित्रांच्या हवाली करून ती फोन हातात धरून त्यांच्यामागे बांधावरून निघाली. मागून आणखी एकजण हाक मारत येत होता, आमचं पण घाल म्हणून.